जिवाणूला कळतं म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे हे तुम्हालाही ताडून पाहता येईल.

तुम्ही सॉफ्टवेअरचं काम करता. जीवशास्त्राची माणसं सर्रास म्हणतात की डीएनएमध्ये माहिती असते, पेशी ती वाचते, साखर कुठे आहे ते जिवाणूला कळतं. तुम्हाला हे खटकतं, कारण खोलात गेलं की हाती लागतात ते एकमेकांवर आदळणारे रेणू. मग 'माहिती' हा शब्द इथे खरा की निव्वळ सोयीचा? खरा असेल तर पेशीत आणि संगणकात फरक काय उरला? सजीव कशाला म्हणायचं यावर त्यातून काही उजेड पडतो का? आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, मग विषाणूचं काय?

मी वीसहून अधिक वर्षं जिवाणूंवर काम करते आहे. सुरुवातीला माझंही मत तुमच्यासारखंच होतं: हा शब्द शिकवायला बरा, पण त्यात फार अर्थ शोधू नये. रोजच्या कामाने ते मत बदललं. आज मी म्हणेन की शब्द खरा आहे. गोंधळ होतो तो माहिती म्हणजे रेणूत भरून ठेवलेली वस्तू असं धरल्यामुळे. माहिती एका नात्यात असते. एक खूण, ती खूण ओळखणारं काहीतरी, आणि त्या ओळखीवर ज्याचं बरंवाईट ठरतं असा कुणीतरी. हे नातं आहे की नाही ते तपासायला मी एकच कसोटी लावते: इथे कुणाला फसवता येतं का? पाण्यात मीठ विरघळतं, त्यात मिठाची चूक होऊच शकत नाही. दगड उतारावरून गडगडतो, तो चुकीच्या दिशेने गेला असं कुणी म्हणत नाही. जिवाणूची मात्र चूक होते, आणि ती मी मुद्दाम घडवून आणू शकते.

अर्थात उत्तर बरंचसं तुम्ही 'माहिती' कशाला म्हणता यावर ठरतं, हे आधीच मान्य करायला हवं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचं जे गणित मांडलं त्यात अर्थाला जागाच नाही. किती शक्यतांपैकी एक निवडली गेली, एवढंच ते मोजतं. त्या मापाने डीएनएचं एक अक्षर म्हणजे चारांतली एक निवड, म्हणजे दोन बिट. ई. कोलाय या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण ४६ लाख अक्षरांचा. बिटांचा हिशोब केला तर सव्वा मेगाबाइटही भरत नाही, तुमच्या फोनमधला एखादा फोटो याहून मोठा असतो. हे माप उपयोगाचं आहे, सीक्वेन्सिंगचा डेटा हाताळताना मीही ते वापरते. पण या मापाने खडकाच्या थरांतही माहिती असते आणि रेडिओच्या खरखरीत तर पुष्कळच. तुम्हाला विचारायचंय ते कुणाला तरी काहीतरी कळण्याबद्दल, असं मी धरून चालते. पुढचं सगळं त्याविषयी.

नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दाखवते. ई. कोलायच्या ताज्या कल्चरचा, म्हणजे द्रवात वाढवलेल्या जिवाणूंचा, एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. राखाडी उजेडात काळपट कांड्या सुसाट पळताना दिसतात. एकेक कांडी साधारण दोन मायक्रॉन लांब, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पाचशे बसतील. काही मिनिटं नुसतं बघत राहिलं की एक ठेका लक्षात येतो: साधारण सेकंदभर सरळ धाव, मग क्षणभर जागच्या जागी कोलांटी, मग भलत्याच दिशेने पुढची धाव. प्रत्येक जिवाणूला काही लांब शेपट्या असतात, आम्ही त्यांना फ्लॅजेला म्हणतो. प्रत्येक शेपटीच्या बुडाशी एक फिरती मोटर असते. सगळ्या मोटरी एका बाजूने फिरल्या की शेपट्यांची जुडी होते आणि जिवाणू सरळ जातो. एखादी उलटी फिरली की जुडी विस्कटते आणि कोलांटी होते. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये पोहणाऱ्या एकट्या जिवाणूच्या मागे मागे आपोआप सरकणारा सूक्ष्मदर्शक वापरून या धावा मोजल्या. जिवाणू अन्नाकडे जात असेल तर धाव लांबते, उलट बाजूला जात असेल तर ती साधारण नेहमीइतकीच राहते. त्याच्याकडे दुसरा काही उपाय नाही. त्याला वळता येत नाही, कोलांटी मारून नशीब अजमावता येतं एवढंच. तरी एवढ्यावर तो अन्नापाशी पोचतो.

आता खरा प्रश्न. आपण अन्नाकडे चाललोय की अन्नापासून दूर, हे त्याला कसं कळतं? पुढच्या टोकाला जास्त आणि मागच्या टोकाला कमी असं तो ताडून बघत असेल, असं आधी वाटतं. पण दोन मायक्रॉनच्या अंतरात फरक इतका थोडा की रेणूंच्या येण्याजाण्याच्या गोंधळात तो बुडून जाईल. रॉबर्ट मॅक्नॅब आणि डॅनियल कॉशलंड यांनी १९७२ मध्ये याचा फार सुंदर निकाल लावला. त्यांनी साल्मोनेला जिवाणू घेतले आणि सेरीन या त्यांच्या आवडत्या अमिनो आम्लाचं (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या साखळीचे मणी) प्रमाण एकदम वाढवून सगळं झटक्यात ढवळून टाकलं. द्रावण सगळीकडे सारखं, कुठे चढ नाही की उतार नाही. तरी सगळे जिवाणू कोलांट्या थांबवून सरळ पळत सुटले, जणू प्रत्येक जण योग्य वाटेला लागलाय. थोड्या वेळाने पुन्हा जुना ठेका सुरू झाला.

म्हणजे जिवाणू 'इथे' आणि 'तिथे' यांची तुलना करत नव्हता. तो 'आत्ता' आणि 'मघाशी' यांची तुलना करत होता. आणि 'मघाशी' जवळ ठेवायचं तर आठवण लागते. ही आठवण कुठे असते तेही आता आपल्याला दिसतं. बाहेरचे रेणू ओळखणाऱ्या रिसेप्टर प्रथिनांवर एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम करणारं प्रथिन, सावकाश मिथाइल गट नावाचे छोटे अणुगट चिकटवत असतं, दुसरं ते काढत असतं. किती गट चिकटलेत हा गेल्या काही सेकंदांचा हिशोब, भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघांसारखा. आत्ताचं प्रमाण त्या हिशोबाशी जुळत नसेल तर मोटरकडे जाणारा निरोप बदलतो. मला यात सगळ्यात आवडतं ते आठवणीचं माप. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी एवढा लहान जीव दहाएक सेकंदांत आपली दिशा हरवून बसतो, त्यामुळे त्याहून जुनी आठवण त्याच्या कामाचीच नाही. आठवण आहे ती काही सेकंदांचीच. ज्या जगात राहायचं त्या जगाच्या मापाने बेतलेली.

तुम्ही म्हणाल, हे तर सगळं रसायनच झालं. बरोबर. पण ज्युलियस अॅडलर यांनी १९६९ मध्ये जे दाखवलं ते यात मिळवून बघा. गॅलॅक्टोज ही साखर पचवण्याची यंत्रणाच बिघडलेले जिवाणू त्यांनी घेतले. ते गॅलॅक्टोजकडे तसेच पोहत गेले. पचवता न येणाऱ्या पण तशाच आकाराच्या साखरेकडेही जिवाणू जातात. उलट जे काही पदार्थ ते आवडीने खातात, त्यांतल्या काहींची त्यांना ओढ मुळीच नसते. म्हणजे जिवाणूच्या लेखी साखर दोन वेगळ्या नात्यांनी येते, एकदा अन्न म्हणून आणि एकदा अन्नाची खबर म्हणून. खबर घेणारं प्रथिन वेगळं, अन्न फोडणारी एन्झाइमं वेगळी. एक मोडलं तरी दुसरं चालू राहतं. अन्न आणि अन्नाची खबर या दोन गोष्टी जिथे सुट्या होतात तिथे 'माहिती' या शब्दाला पर्याय नाही, असं मला वाटतं. आपल्या नैयायिकांचं जुनं उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असणार. धुराने स्वतःहून काही शिजत नाही, पण धूर बघून पाय तिकडे वळवता येतात. आणि धुराच्या जागी धुकं असलं तर फजिती होते.

फजिती ही माझ्या कामात रोजची गोष्ट आहे, आणि तीही ठरवून केलेली. आम्ही जिवाणूंकडून हवं ते प्रथिन बनवून घेतो तेव्हा कल्चरमध्ये आयपीटीजी नावाचं रसायन घालतो. त्यामागची गोष्ट अशी. ई. कोलायला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवायचं तर खास एन्झाइमं लागतात, आणि लॅक्टोज नसताना ती बनवणं म्हणजे फुकटचा खर्च. म्हणून एक दाबून ठेवणारं प्रथिन, रिप्रेसर, त्या जनुकांच्या तोंडाशी डीएनएवर बसलेलं असतं. लॅक्टोज आलं की त्यातलं थोडं बदलून एक वेगळा रेणू बनतो, तो रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसर सुटतो आणि जनुकं चालू होतात. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये हे कोडं उलगडलं आणि १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. आता आयपीटीजी रिप्रेसरला अगदी त्याच जागी चिकटतं, पण जिवाणूला ते पचवता येत नाही. त्यातून त्याला काहीच मिळत नाही. तरी तो जीव तोडून एन्झाइमं बनवत राहतो, कारण त्याला खबर पोचलीय की लॅक्टोज आलंय. ती खबर खोटी आहे, आणि खोटी खबर असू शकते म्हणूनच खरी खबर या शब्दाला काही अर्थ आहे.

एकदा आमच्याकडे एका विद्यार्थिनीचं प्रथिन तीन दिवस बनेना. आयपीटीजी ताजं, प्लाझ्मिड (हवं ते जनुक लॅक्टोजच्या जनुकांच्या बटणाला जोडून जिवाणूत घातलेली डीएनएची कडी) बरोबर, तापमान बरोबर. चौथ्या दिवशी तिने जिवाणू वाढवायचं माध्यम बनवल्याची नोंद ओळीने वाचून काढली तेव्हा कळलं, त्यात ग्लुकोज पडलं होतं. ग्लुकोज हाताशी असेल तर ई. कोलाय लॅक्टोजच्या भानगडीत सहसा पडत नाही, कारण ग्लुकोज वापरणं त्याला स्वस्त पडतं. म्हणजे ती जनुकं जोरात चालायची तर दोन गोष्टी एकदम खऱ्या असाव्या लागतात, लॅक्टोज आहे आणि ग्लुकोज नाही. तुम्हाला यात लगेच लॉजिक गेट दिसेल, आणि ते चूक नाही. त्या मुलीला मी म्हटलं, तुझा जिवाणू बिघडलेला नाही, तू त्याला दोन परस्परविरोधी निरोप दिलेस आणि त्याने त्याच्या हिताचा ऐकला.

आता डीएनएकडे येते, कारण तुमचा मुख्य आक्षेप तिथला आहे. माझ्या फ्रीजरमध्ये उणे वीस अंशांवर डीएनएच्या शेकडो नळ्या आहेत. त्यांतल्या कित्येक नळ्यांत अख्ख्या जनुकांचे कोट्यवधी नमुने आहेत. त्या नळीत काहीही घडत नाही. तिथे माहिती आहे का? शॅनन यांच्या अर्थाने आहे. माझ्या अर्थाने तिथे एक पत्र पडून आहे, वाचणारा नाही.

वाचणारा किती महत्त्वाचा, हे १९६२ साली झालेल्या एका प्रयोगात उघड झालं. तो मला सगळ्या रेणूजीवशास्त्रातला सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो. प्रथिन बनवताना रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं जोडणारं यंत्र, आरएनएवरची (डीएनएवरून काढलेल्या नकलेवरची) अक्षरं तीन-तीनच्या गटाने घेतो. प्रत्येक गटासाठी टीआरएनए नावाचा हमाल असतो. त्याच्या एका टोकाला तो गट ओळखणारी जागा आणि दुसऱ्या टोकाला पाठीवर घेतलेलं अमिनो आम्ल. संशोधकांनी सिस्टीन वाहून नेणारे टीआरएनए घेतले आणि पाठीवरच्या सिस्टीनमधलं गंधक निकेलच्या एका खास प्रकाराने काढून टाकलं. सिस्टीनमधून गंधक गेलं की उरतं अॅलनीन. हमाल तोच, ओझं बदललेलं. हे टीआरएनए रायबोसोमला दिल्यावर त्याने जिथे सिस्टीन घालायचं तिथे निमूटपणे अॅलनीन घातलं. रायबोसोम ओझं तपासत नाही, हमालाचा बिल्ला बघतो.

म्हणजे अमुक तीन अक्षरं आणि अमुक अमिनो आम्ल यांना जखडून ठेवणारं बंधन त्या दोघांच्या रसायनात सापडत नाही. ती जोडी जमवून देणारी एन्झाइमं असतात, हमालाच्या पाठीवर योग्य ओझं चढवणारी. ती बदलली तर अर्थ बदलेल. आणि निसर्गात तो बदललेला आहेही. यूजीए ही तीन अक्षरं आपल्या पेशीत बहुतेक ठिकाणी 'इथे थांबा' असं सांगतात. त्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या आणि स्वतःचा थोडा डीएनए बाळगणाऱ्या भागात, त्यांचा अर्थ 'ट्रिप्टोफॅन घाला' असा होतो. अक्षरं तीच, वाचणारा वेगळा. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मॅथाई यांनी १९६१ मध्ये नुसत्या यू या अक्षराची लांबलचक माळ पेशींच्या अर्कात घातली आणि नुसत्या फेनिलअॅलनीनची साखळी बाहेर पडली, तेव्हा या शब्दकोशाचं पहिलं पान उघडलं. पुढे चौसष्टच्या चौसष्ट शब्द लागले. पण शब्दकोश आहे हे कळणं आणि तो कुणी पाळावा लागतो हे कळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी शिकवताना बऱ्याचदा गाळली जाते.

इथवरचं थोडक्यात: खूण आणि ती ज्याची खूण आहे ती वस्तू सुट्या असतात, त्यांना जोडणारा एक वाचणारा असतो, आणि म्हणूनच वाचण्यात चूक होऊ शकते. जिवाणूच्या पोहण्यात, लॅक्टोजच्या जनुकांत आणि थेट जनुकांच्या लिपीत, तिन्हीकडे हेच दिसतं.

मग संगणकात आणि पेशीत फरक काय? बरंच साम्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ठरावीक अक्षरांत साठवण, अटींचं जाळं, नकला काढणं, चुका दुरुस्त करणं हे सगळं दोन्हीकडे आहे. चुका दुरुस्त करण्यात तर पेशी थक्क करून सोडते. डीएनएची नक्कल काढताना नुसतं अक्षराला अक्षर जुळवण्यावर भिस्त ठेवली तर साधारण लाखात एक चूक होईल. नक्कल काढणारं एन्झाइम मागे वळून चुकलेलं अक्षर काढतं, आणि त्यातूनही निसटलेल्या चुका हुडकणारी दुसरी टोळी असते. शेवटी चूक राहते ती अब्जात एकाच्या आसपास. हे फुकट होत नाही. माहिती पुसायलाही किमान ऊर्जा लागते, हे रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. खोलीच्या तापमानाला एक बिट पुसायचा किमान खर्च पेशीत एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू मोडून मिळणाऱ्या ऊर्जेच्या साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या हिश्श्याइतका येतो. प्रत्यक्षात पेशी याहून पुष्कळ जास्त खर्च करते, कारण तिला अचूकताही हवी असते आणि वेगही. जॉन हॉपफील्ड यांनी १९७४ मध्ये याचं कारण मांडलं. योग्य आणि अयोग्य रेणू यांतला फरक एका तपासणीत पुरेसा उठून दिसत नसेल, तर मध्ये ऊर्जा खर्चून तीच तपासणी पुन्हा करायची. सही जुळते का हे दोन वेगळ्या खिडक्यांवर तपासावं, तसं. एवढा खर्च करून जी गोष्ट जपली जाते ती त्या जिवाच्या लेखी किती मोलाची असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

फरक मला दोन ठिकाणी दिसतो. पहिला, पेशीत वाचणारं यंत्रही त्याच मजकुरातून घडतं. पाठीवर ओझं चढवणाऱ्या एन्झाइमांची कृती डीएनएतच लिहिलेली असते, आणि ती कृती वाचायला तीच एन्झाइमं लागतात. तुमच्या भाषेत, कंपायलरचा कोड त्याच कंपायलरने कंपाइल करावा तसं. पण इथे प्रोसेसर, वीजपुरवठा आणि डबासुद्धा त्याच कोडमधून बनतो. म्हणून मोकळ्या डीएनएपासून पेशी सुरू होत नाही, आधीची चालती पेशी लागते.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे चुकीची किंमत कोण मोजतं. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटला बर्फाचा खडा लावा. त्यालाही फसवता येतं, माझ्या कसोटीच्या पहिल्या भागात तो पास होतो. खोली नको तितकी तापेल. पण थर्मोस्टॅटचं काय गेलं? उकाडा माणसाला होईल. किती अंश ठेवायचे हे माणसाने ठरवलं, चूक झाली हेही माणूसच म्हणणार. आयपीटीजीने फसलेल्या जिवाणूचं तसं नाही. त्याने अमिनो आम्लं, एटीपी, वेळ सगळं स्वतःचं खर्च केलं, आणि न फसलेला त्याचा शेजारी तेवढ्यात पुढे निघून जातो. प्रयोगशाळेत हे रोज दिसतं, आयपीटीजी घातलेल्या कल्चरची वाढ पुष्कळदा मंदावते. आणि पिढ्यान्‌पिढ्या ही किंमत मोजली गेली म्हणूनच रिप्रेसरचा खाचा लॅक्टोजच्या बातमीला बरोबर बसणारा झाला. चुकीचं वाचणाऱ्यांची वंशावळ खुंटली. खुणेला अर्थ कुठून आला या प्रश्नाचं माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही: अर्थ कुणी दिला नाही, तो उरलेल्यांत उरला.

उद्या एखादं यंत्र स्वतःला बांधू लागलं, स्वतःची झीज स्वतः भरून काढू लागलं आणि चुकीच्या वाचनाने स्वतःच संपू लागलं तर? तर माझ्या कसोटीने त्याला जिवंतांत जागा द्यावी लागेल, आणि मी देईन. कार्बनचं बनलंय की सिलिकॉनचं, याने मला फरक पडत नाही.

हे फक्त जिवाणूंपुरतं नाही. सहारा वाळवंटातल्या कॅटाग्लिफिस मुंग्यांवर २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ही मुंगी अन्न शोधत लांब जाते आणि सापडल्यावर सरळ रेषेत वारुळाकडे परतते. दिशा ती आकाशावरून घेते. अंतर कसं मोजते, हा प्रश्न होता. संशोधकांनी वारुळापासून दहाएक मीटरवर अन्न ठेवलं आणि तिथे पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे ताठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय आखूड केले. परतताना लांब पायांच्या मुंग्या वारूळ ओलांडून पंधरा मीटरच्या आसपास गेल्या आणि तिथे दार शोधू लागल्या. आखूड पायांच्या मुंग्या सहाएक मीटरवरच थांबून शोधू लागल्या. मुंगी अंतर मोजत नव्हती, पावलं मोजत होती. पुढे त्याच बदललेल्या पायांनी जाऊन-येऊन करू दिल्यावर त्यांचा हिशोब पुन्हा जुळला. ती भांबावलेली मुंगी, जिथे दार असायला हवं तिथे घिरट्या घालणारी, मला या विषयातलं सगळ्यात खरं चित्र वाटतं. तिचं गणित अचूक आहे. ज्या खुणेवर तिने विश्वास टाकला ती खूण कुणीतरी बदलली.

वनस्पतींतही हेच. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे पकडणाऱ्या वनस्पतीच्या पानावरच्या केसाला एकदा स्पर्श झाला तर पान मिटत नाही. वीसेक सेकंदांत दुसरा स्पर्श झाला तर मिटतं. पावसाचा एखादा थेंब आणि वळवळणारा किडा यांतला फरक ओळखायची ही तिची स्वस्त पद्धत. माझ्यासारखा कुणी काडीने दोनदा टोचणारा भेटला तर पान रिकामंच मिटतं.

आपण जग बदलतो तेव्हा अशा चुका माणसाच्या नकळत लाखोंनी घडतात, आणि ही गोष्ट मला मनापासून टोचते. मेफ्लाय हे कीटक पाण्यावर अंडी घालतात. पाणी ओळखायची त्यांची खूण म्हणजे पाण्यावरून परावर्तित होणारा आडवा ध्रुवीभूत, म्हणजे एकाच आडव्या दिशेत कंप पावणारा, प्रकाश. कोट्यवधी वर्षं ही खूण चोख होती, कारण तसा चमकणारा दुसरा सपाट पृष्ठभाग नव्हताच. मग डांबरी रस्ते आले. कोरडं डांबर पाण्याहूनही 'जास्त पाणी' दिसतं, आणि कीटक रस्त्यावर अंडी घालतात. ती सुकून जातात. त्या कीटकाचा डोळा बिघडलेला नाही, मेंदूही नाही. त्याच्या पूर्वजांना कधी न भेटलेलं धुकं धुराच्या जागी येऊन बसलंय. त्यामुळे एखादी प्रजाती कमी होऊ लागली की तिचं अन्न आणि निवारा याबरोबर तिच्या खुणाही तपासाव्यात, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. दिवसाची लांबी, पहिली ऊब, अंधार. हे नकाशावर दिसत नाही.

हीच फसवणूक कधी भल्यासाठीही करता येते. लस म्हणजे तेच. रोगजंतूची खूण शरीराला दाखवायची, रोग न देता. शरीर ती खरी धरतं, तयारी करतं आणि लक्षात ठेवतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, विषाणूचा. नळीतल्या फाजला, म्हणजे जिवाणूंना गाठणाऱ्या विषाणूला, मी जिवंत म्हणत नाही. चार अंशांवर तो महिनोन्‌महिने पडून राहतो, फ्रीजरमधल्या डीएनएसारखाच, खोक्यात घातलेलं पत्र. पण पेशीत शिरल्यावर काय होतं ते बघा. काही फाजांपुढे दोन वाटा असतात. लगेच शेकडो पिल्लं काढून पेशी फोडायची, किंवा जिवाणूच्या डीएनएत गुपचूप मिसळून राहायचं. आसपास भरपूर निरोगी जिवाणू असतील तर फोडणं फायद्याचं. आधीच पुष्कळ फाज येऊन गेले असतील आणि जिवाणू संपत आले असतील तर लपून राहणं शहाणपणाचं. २०१७ मध्ये बॅसिलस जिवाणूंच्या एका फाजमध्ये असं आढळलं की तो पेशीत शिरला की सहा अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण आखूड साखळी, बनवायला लावतो आणि तो बाहेर सोडला जातो. जितक्या पेशी बळी पडल्या तितका पेप्टाइड साठतो. पुढच्या पिढीतला फाज आत शिरल्यावर तो मोजतो आणि वाट ठरवतो.

माझी कसोटी तिथेही लावून झाली आहे. संशोधकांनी तो पेप्टाइड कृत्रिमरीत्या बनवला आणि ताज्या, निरोगी जिवाणूंच्या कल्चरमध्ये आधीच घालून ठेवला. मग फाज सोडले. त्यांच्याआधी तिथे एकही फाज आलेला नव्हता, खायला पेशी भरपूर होत्या. तरी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फाज जिवाणूंच्या डीएनएत शिरून गप्प बसले.